घसाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

ताई, स. न.

मी सव्वीस वर्षांची आहे. मूळची बार्शीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. शिकायला पुण्यात आले आणि आता बाणेरला एका कंपनीत नोकरी करते. कामापुरतं इंग्रजी येतं, पण फिरून फिरून तेच शब्द. सगळं ‘गुड’, सगळं ‘नाइस’ आणि अडचण आली की ‘इश्यू’. गेल्या दिवाळीत अप्पा बळवंत चौकातून अवघड शब्दांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रोज तीस शब्द पाठ करायला घेतले. अडीच हजार झाले. मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना माझ्या कामाबद्दल ‘इग्रीजिअस काँट्रिब्यूशन’ असं लिहिलं. पुस्तकात ‘ठळकपणे उठून दिसणारे’ असा अर्थ दिला होता. साहेबांनी ते वाक्य मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. का हसले ते मला घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून वही कपाटात आहे. पाठ केलेल्यातले निम्मे शब्द आता आठवतही नाहीत. मला मिरवायला नको, खरंच चांगलं इंग्रजी हवंय. दर रविवारी सिंहगड चढते, तेवढीच काय ती उसंत. कुठून सुरुवात करू? आणि फॉर्ममधलं ते वाक्य बदलून मागू की विषय संपला म्हणून सोडून देऊ? मला ‘तू’ म्हटलंत तर बरं वाटेल.

— रविवारची सिंहगडकर, वारजे

आधी त्या शब्दाचंच बघू. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपाबाहेर काढलेला, वेगळा उठून दिसणारा तो ‘इग्रीजिअस’. सोळाव्या शतकात इंग्रज हा शब्द कौतुकानंही वापरत. पण तो उपरोधानं वापरला जाऊ लागला आणि हळूहळू त्यातला चांगला अर्थ गळून पडला. आज ‘इग्रीजिअस’ म्हणजे डोळ्यांत खुपेल इतकं वाईट. चूक इग्रीजिअस असते, अन्याय इग्रीजिअस असतो. तुझ्या पुस्तकानं तुला चारशे वर्षांपूर्वीचा अर्थ दिला. आपल्याकडे ‘महाभाग’चं नेमकं हेच झालंय. संस्कृतात महाभाग म्हणजे थोर, भाग्यवान माणूस. आणि आपण तो कुठे वापरतो? ‘कोण महाभाग गेटसमोर गाडी लावून गेलाय?’ उद्या एखादा परदेशी विद्यार्थी संस्कृत कोश बघून आपल्या मार्गदर्शकांना ‘महाभाग’ म्हणाला, तर आपण त्याला बाजूला घेऊन समजावू. तुझ्या साहेबांनीही तेवढंच करायला हवं होतं. भर मीटिंगमध्ये वाचून दाखवणं मला अजिबात पटलेलं नाही.

मी चौतीस वर्षं पुण्यात इंग्रजी शिकवलं, आणि हा धडा मलाही एका पत्रानंच दिला. एफवायला होते. आमच्या सरांची आई गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून सांत्वनाचं पत्र लिहायला घेतलं. ‘सॅड’ हा शब्द मला फार साधा वाटला. समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि त्यातला ‘लुगूब्रिअस’ उचलला, केवळ त्याचा आवाज गंभीर वाटला म्हणून. दिवस उरकून सर परत आले तेव्हा त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. पत्र त्यांच्या खिशात होतं. रागावले नाहीत. कपाटातला मोठा कोश काढला, पान उघडून दिलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. लुगूब्रिअस म्हणजे दुःखी खरं, पण ओढूनताणून लांबलेल्या चेहऱ्याचं, गरजेपेक्षा जास्त दाखवलेलं दुःख. सर एवढंच म्हणाले, ‘‘तू सॅड लिहिलं असतंस तरी मला पोचलं असतं.’’ मी त्या दिवशी घरी चालत गेले, बसमध्ये बसवेना.

समानार्थी कोशात शब्द शेजारी शेजारी उभे असतात, पण कोण कुणाच्या घरात चालतो हे तिथे लिहिलेलं नसतं. ‘वारले’, ‘गेले’, ‘निवर्तले’, ‘मेला’ हे सगळे एकाच अर्थाचे. कुणाच्या दारात कोणता म्हणायचा हे तुला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. तसंच ‘बोलघेवडी’ आणि ‘वाचाळ’ यांचं. मैत्रिणीच्या लेकीला तू बोलघेवडी म्हणशील, वाचाळ म्हटलंस तर मैत्रीण तुटेल. इंग्रजीतही ‘टॉकेटिव्ह’ साधा, ‘लोक्वेशस’ जरा पुस्तकी आणि ‘गॅरुलस’ म्हणजे फालतू गोष्टींवर कंटाळा येईपर्यंत बोलत राहणारा. मराठीतला हा कान तुझ्याकडे तयार आहे, तो शेकडो वेळा ऐकून झाला. यादीत ऐकायलाच काही नसतं. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, मध्ये कोरी जागा.

म्हणून माझं सांगणं असं आहे की यादी उलटी कर. इंग्रजी शब्द घेऊन त्याचा अर्थ पाठ करू नकोस. तुझ्याकडे असलेली गोष्ट घे आणि तिच्यासाठी शब्द शोध. तुझ्याकडे तर अख्खा सिंहगड आहे.

येत्या रविवारी गड उतरलीस की आतकरवाडीत चहा पिता पिता वहीत दहा ओळी लिही. मराठीतच लिही, आणि नेमकं लिही. ‘सिंहगड छान होता’ हे चालणार नाही. समज असं काहीतरी: ‘शेवटच्या सोंडेवर घसारा होता, पाय सरकत होते. धाप लागली म्हणून कातळाला टेकून उभी राहिले. बुरूज धुक्यात होता, मग वारा आला आणि तटबंदी दिसायला लागली. देवटाक्याचं पाणी गार होतं.’ आता या ओळींतल्या कुठल्या गोष्टीला तुझ्याकडे इंग्रजी नाव नाही ते बघ. घसारा? उतारावरचे सुटे दगड, पाय ठेवला की खाली निघणारे. ते ‘स्क्री’. (तुझ्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या माणसाला विचारलंस तर तो घसाऱ्याला ‘डिप्रीसिएशन’ म्हणेल, आणि तोही बरोबरच आहे.) डोंगराची सोंड म्हणजे ‘स्पर’. बुरूज ‘बॅस्टियन’, तटबंदी ‘रॅम्पार्ट’. टाक्याला ‘टँक’ म्हटलंस तर गच्चीवरची काळी टाकी डोळ्यांपुढे येते, कातळात खोदलेलं टाकं म्हणजे ‘सिस्टर्न’. दमून श्वास अपुरा पडलेली तू ‘विंडेड’.

धुक्यापाशी जरा थांब, कारण इथे इंग्रजी आपल्यापेक्षा काटेकोर आहे. हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर ‘फॉग’, त्याहून लांबचं दिसत असेल तर ‘मिस्ट’. धूळ आणि धुरानं हवा गढुळली असेल तर ‘हेझ’. हिवाळ्यात सकाळी गडावरून पुण्याकडे बघितलंस की शहरावर जी करडी चादर दिसते ती बहुतेक वेळा हेझ असते. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलंस की हे तीन शब्द पाठ करायची गरजच उरत नाही.

पायाखालच्या कातळाचंही नाव बघ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा बेसॉल्ट झाला. त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे, पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून तो आलाय. समोरच्या डोंगराकडे बघ, थर पायऱ्यांसारखेच दिसतील.

आणि शब्द एकदा मिळाला की तो गडावरच राहत नाही. आपली वर्तमानपत्रं निवडणुकीत ‘अमुक पक्षाचा बालेकिल्ला’ लिहितात ना, तिथे इंग्रजी पेपरात ‘बॅस्टियन’ येतो. सिंहगडाचा बुरूज बघून शिकलेला शब्द सोमवारी बातमीत भेटला की तो पक्का झाला. असाच जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडून भिडे पूल बुडाला की लकडी पुलावर दहा मिनिटं उभी राहा. दुथडी भरून वाहणारी नदी ‘इन स्पेट’, गढूळ पाणी ‘टर्बिड’. ‘टर्जिड’ म्हणजे फुगलेला, सुजलेला. या दोघांत भलेभले गोंधळतात. नदीचं पाणी आठवलंस तर तू गोंधळणार नाहीस.

मराठी शब्दावरून इंग्रजीकडे जायला एक जुना पण भरभक्कम आधार आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. त्याच्या कामात मोल्सवर्थबरोबर असलेले थॉमस कँडी आपल्या पुण्यातच राहून काम करत होते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश फुकट चाळता येतो. एकेका मराठी शब्दापुढे चार-चार, पाच-पाच इंग्रजी छटा दिलेल्या असतात. ‘लोचट’, ‘खवचट’, ‘चोखंदळ’, ‘नेभळट’, असे शब्द तिथे जरूर बघ. मी आजही बघते. मात्र तिथलं इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा मिळालेला शब्द जसाच्या तसा उचलायचा नाही. तो आजच्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या कोशात तपासायचा. त्या कोशात प्रत्येक शब्दाची वापरातली वाक्यं असतात. अर्थ नंतर वाच, वाक्यं आधी वाच. ‘इग्रीजिअस’ची तीन वाक्यं वाचली असतीस तर त्यात ‘चूक’ आणि ‘उल्लंघन’ दिसलं असतं आणि तू आपणहून थांबली असतीस.

चोखंदळवरून आठवलं. पुण्यातल्या पाट्यांचं सगळ्यांना कौतुक आहे. दोन ओळींत सगळं सांगून मोकळं होणाऱ्या त्या भाषेला इंग्रजीत ‘लॅकोनिक’ म्हणतात. प्राचीन ग्रीसमधलं स्पार्टा ज्या प्रांतात होतं त्या लॅकोनियावरून हा शब्द आला. मॅसिडोनियाच्या फिलिपनं ‘मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर सगळं बेचिराख करीन’ अशी धमकी दिली, तेव्हा स्पार्टाकडून एका शब्दाचं उत्तर गेलं, ‘तर!’, अशी कथा सांगतात. मुळात बोलायलाच नको असणारा घुमा माणूस मात्र ‘टॅसिटर्न’. आणि बोलतो सगळं पण मनातलं बाहेर पडू देत नाही तो ‘रेटिसंट’. तुझ्या ओळखीतली तीन माणसं या तीन शब्दांना बसव. मी वर्गात हेच करायला लावायची, आणि वीस वर्षांनी भेटलेल्या मुलीही मला सांगतात की ‘टॅसिटर्न’ म्हणजे आमचे आजोबा.

आता एक गोष्ट, जिच्यात मराठी माणसाला आयती मदत मिळते. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्सनं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. इंग्रजीतले बहुतेक अवघड शब्द लॅटिन-ग्रीकमधले, आणि आपल्या मराठीत तत्सम शब्दांचा साठा भरपूर. त्यामुळे दंत आणि ‘डेंटल’, नाम आणि ‘नॉमिनल’, पद आणि ‘पेडल’ ही चुलत भावंडं आहेत. पाहणं या अर्थाचा लॅटिन ‘स्पेक’ संस्कृतातल्या ‘पश्यति’च्या घरचा. मग ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत पाहणं, ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चौफेर नजर टाकून मगच पाऊल उचलणारा. ‘मॅग्नॅनिमस’ फोडून बघ: ‘मॅग्न’ हा आपल्या ‘महत्’चा भाऊ, ‘ॲनिमस’ म्हणजे मन, प्राण. मोठ्या मनाचा. त्याच्या उलट ‘प्युसिलॅनिमस’, इवल्याशा जिवाचा, भेकड. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती, इतका आनंद झाला होता.

पण मुळं शब्द आठवायला कामी येतात, वापरायला नाही. ‘मेटिक्युलस’च्या मुळाशी लॅटिनमधली भीती आहे, आज त्याचा अर्थ बारकाईनं काम करणारा. कळपाचंच बघ, त्याच ‘ग्रेक्स’पासून निघालेला ‘ग्रीगेरिअस’ म्हणजे माणसांत रमणारा, हा चांगला शब्द. आणि ‘इग्रीजिअस’नं काय केलं ते तू भोगलंस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ‘सगळं गुड, सगळं नाइस.’ यावर उपाय दुर्मिळ शब्द हा नाही. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशोब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. कूळ म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ मिळून एक. आपल्याकडे शिकलेल्या माणसाचीही खरी उणीव या नऊ हजारांच्या मधल्या पट्ट्यात असते. ‘लिंगर’ म्हणजे रेंगाळणं, ‘फ्लिंच’ म्हणजे दचकून अंग चोरणं, ‘ब्रिटल’ म्हणजे ठिसूळ, ‘ग्रज’ म्हणजे मनात धरलेली अढी, ‘नज’ म्हणजे कोपरानं हळूच ढोसणं. हे शब्द अवघड शब्दांच्या पुस्तकात सापडत नाहीत, कारण ते दिसायला लहान आहेत. पण इंग्रजी लिहिणारा माणूस समृद्ध वाटतो तो यांच्यामुळे. ‘प्युसिलॅनिमस’ तुला वाचताना कळला म्हणजे पुरे, तो आयुष्यात एकदाही वापरला नाहीस तरी बिघडत नाही. ओळखीचे शब्द हजारांनी असू देत, तोंडात घ्यायचे मात्र आठवड्याला चार-पाचच. रोज तीस हा आकडा ऐकून मला तुझी दया आली.

वाचायचं ते एकाच विषयावरचं सलग वाच. डोंगर, किल्ले, गिर्यारोहण, जे तुला आधीच कळतं ते. विषय ओळखीचा असला की शब्द संदर्भातून उलगडतात आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. हे पुन्हा भेटणंच महत्त्वाचं. जर्मनीतल्या एबिंगहाउसनं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, किती काळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा सगळ्यात मोठा सपाटा पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसांत असतो, नंतर तो मंदावतो. तेव्हा निम्मे शब्द गेले म्हणून स्वतःला बोल लावू नकोस, तुझ्या पद्धतीत उजळणीच नव्हती. रविवारचे चार शब्द सोमवारी बघ, गुरुवारी बघ, पुढच्या रविवारी चढता चढता आठव, मग महिन्याने. वहीच्या डाव्या बाजूला तुझं मराठी वाक्य, उजव्या बाजूला इंग्रजी. उजवी बाजू झाकायची. ‘स्क्री म्हणजे काय’ हे विचारायचं नाही, ‘पाय सरकत होते’ हे इंग्रजीत म्हणून बघायचं.

आणि शब्द ऐकल्याशिवाय तोंडात घेऊ नकोस. नुसते डोळ्यांनी शिकलेले शब्द जिभेवर चुकतात. ‘इपिटमी’ला चांगली शिकलेली माणसं ‘एपिटोम’ म्हणतात, ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’. मोबाइलवरच्या कोशात स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाब आणि उच्चार देवनागरीत लिहून घे. आपली लिपी त्या कामाला फार चांगली आहे. जोर कोणत्या अक्षरावर येतो तिथे खाली रेघ मार.

आता फॉर्म. हो, वाक्य बदलून माग, आणि याच आठवड्यात. साहेबांना दोन ओळींची मेल कर, दिलगिरीचा पाल्हाळ नको. ‘फॉर्ममध्ये एक शब्द चुकीच्या अर्थानं गेलाय, कृपया त्या जागी पुढचं वाक्य घ्यावं.’ पण ‘इग्रीजिअस’ काढून तिथे दुसरं भारदस्त विशेषण बसवू नकोस. विशेषणच काढ आणि वर्षभरात काय केलंस ते लिही: कोणतं काम हातात घेतलं, किती दिवसांत पुरं केलं, त्यानं कुणाचा किती वेळ वाचला. त्याला लागणारं सगळं इंग्रजी तुला आजच येतं. मेल गेली की फॉर्म पुन्हा उघडून बदल खरंच झालाय का ते बघून घे. साहेब बदलतात, आणि पुढच्या साहेबांच्या हातात तुझ्याबद्दल तेवढाच कागद असतो.